कलालणीचं पातेलं

माय, काल मी दारूच्या दुकानात गेले होते. भर उजेडी, अकराच्या सुमाराला, पुढच्या दाराने. बहात्तर वर्षांची बाई, सुती साडी, चष्मा, खांद्याला पिशवी. बाकावर बसलेल्या दोघांनी मला पाहून ग्लास बाकाखाली सारले. त्यांना वाटलं, मी दारूबंदीवाल्या बायांपैकी आहे आणि अर्जावर सह्या घ्यायला आले आहे. मी त्यांना म्हटलं, चालू द्या तुमचं, हे माझं घर आहे. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. तुला ते मुळीच आवडलं नसतं. तू डोळे वटारले असतेस आणि मी गप्प बसले असते, सगळं आयुष्य बसले तशी. पण तुला जाऊन आता चाळीस वर्षं होत आली, तेव्हा आज मी बोलणार आणि तू ऐकायचं.

काकांचा नातू आता दुकान पाहतो. माझ्या चुलतभावाचा मुलगा तो, म्हणजे माझा भाचा. पोरगा वाईट नाही, चुणचुणीत आहे. त्याने गेल्या आठवड्यात फोन केला. दुकानामागची भट्टीची खोली त्याने साफसूफ केली, जुनी भांडी माळ्यावरून उतरवली, चिंचेने घासली, वर दिवा लावला, आणि आता डोंगराकडे फिरायला जाणारे लोक तिथे थांबून फोटो काढतात म्हणे. पणज्याच्या वेळचं दुकान आणि जुनी मोहाची भट्टी, दोन्ही एका जागी, असं दुसरीकडे पाहायला मिळत नाही, असं त्याला कोणी तरी सांगितलं. भिंतीवर इतिहास छापून लावला होता. आत्याबाई, तुम्ही शिकल्यासवरलेल्या, एकदा येऊन काही चुकलं का पाहून घ्या, असं तो म्हणाला. मी चिखलीहून सकाळच्या एसटीने निघाले, खामगावला गाडी बदलली आणि सातपुड्याची रेघ दिसायला लागली तशी पिशवी खांद्याला लावून उतरायच्या तयारीने बसले. एवढ्या वर्षांत मी त्या गावी लग्नाकार्याला गेले, मयतीला गेले, पण त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

ती खोली म्हणजे तुझं खरं स्वयंपाकघर. घरातल्या चुलीवर तू भाकरी थापत होतीस ती घाईघाईने, जाडीभरडी, कधी करपलेली. पण भट्टीपुढे तुझी घाई कुठे जायची कोण जाणे. बाबा खामगावच्या जिनिंगमध्ये, आठवड्यातून एकदा घरी. आम्ही कलाल, दारू गाळणारे; आजोबांच्या नावावर ठेका, पण त्यांचे हात कापायचे, आणि काकांचा जीव दुकानाच्या गादीत. राहिलीस तू. मी पाच-सहा वर्षांची, दारात बसले आहे. रांजणात मोहाचा सडवा आठ दिवस बुडबुडून शांत झालेला आहे, त्याचा आंबटगोड वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो आहे. तू तो तांब्याच्या हंड्यात ओततेस, तोंडाशी बांबूची पन्हळ बसवतेस, तिचं दुसरं टोक हंड्याबाहेर, त्याखाली बाटली. वर थंड पाण्याचं पातेलं, सांध्यांना शेणमाती. मग खाली जाळ, पण किती, तर हंड्याने गुणगुणावं, ओरडू नये इतकाच. वाफ वरच्या गार बुडाला लागते, तिचे थेंब होतात, थेंब पन्हळीत पडतात आणि धार बाहेर येते. पातेल्यातलं पाणी तापलं की तू ते उपसून गार पाणी भरतेस. पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं. पाणी जसजसं पालटावं तशी धार नरम पडत जाते, आणि पाचव्या पाण्याला तुझा हात थांबायचा. काका म्हणायचे, सातव्यापर्यंत ओढ, दोन बाटल्या जास्त निघतात. तू हो म्हणायचीस आणि जाळ काढून घ्यायचीस. तुमच्या दोघांचं यावरून रोजचं होतं.

लोक पहिल्या धारेची म्हणून मिशांना पीळ देतात. तू तर पहिली वाटी चुलीत ओतायचीस, भप्पकन जाळ उठायचा, आणि हा अग्नीचा वाटा म्हणून हात जोडायचीस. कॉलेजात गेल्यावर मी पुस्तकात वाचलं की सगळ्यात आधी उडून येतो तो भाग टाकून द्यावा, तो अंगाला वाईट. मी वाचनालयात एकटीच हसले होते. शेजारच्या मुलीने विचारलं काय झालं, तर मी काही नाही म्हटलं. बघ, तिथेही गप्पच.

आणि तो तळहात. धारेखाली करंगळी धरून दोन थेंब तळहातावर घ्यायचीस, दुसऱ्या हाताने चोळायचीस, नाकाशी न्यायचीस, आणि कितव्या पाण्याची ते सांगायचीस. जिभेला कधीच लावलं नाहीस. मी एकदा तुझी नक्कल केली, थेंब घेतले, चोळले, आणि मग बोट चाटलं. कानाखाली अशी बसली की अजून आठवते. तू म्हणालीस, “कलालाच्या घरचं कोणी पेत नाई. पेल त्या दिवशी हात गेला समज.” मला त्या वेळी वाटलं तू मला दारूपासून वाचवते आहेस. आता वाटतं, तू माझा हात वाचवत होतीस, कधी तरी भट्टीवर मीच बसेन असं तुझ्या मनात तेव्हा असावं. नंतर तू ते मनातून काढून टाकलंस. मला विचारलं नाहीस, याचा मला राग आहे, आणि तो आज सांगून टाकते.

मी काही तुला देवी करून बसवत नाही. दारूने घरं बुडतात हे मला कोणी शिकवायची गरज नाही, मी त्या दुकानाच्या मागच्या अंगणात वाढले. ती वरल्या आळीतली बाई आठवते ना, कडेवर पोर घेऊन दुकानापुढे उभी राहायची आणि तुला शिव्याशाप द्यायची. तुझ्या भट्टीले आग लागो, असं ती म्हणाली तेव्हा मी तुझ्या पदराआड होते. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा आला तसा तू मागून काकांना निरोप धाडलास की याला द्यायची नाही, आणि दिलीत तर उद्यापासून भट्टी तुम्हीच पेटवा. त्याला मिळाली नाही. तो दुसऱ्या गावी जाऊन प्यायला लागला, हेही खरं. तुझ्या हातची पिऊन कोणाचे डोळे गेले नाहीत, पण कोणाचं घर उभंही राहिलं नाही. दोन्ही तुझंच. मी दोन्ही मोजून घेते आणि तरीही म्हणते की तुझ्यासारखा कारागीर त्या पंचक्रोशीत नव्हता.

पातेल्याचं सांगते, कारण कालची सगळी गोष्ट त्याच्यावरच आली. आधी वर साधं सपाट बुडाचं पातेलं असायचं. थेंब बुडावर पसरायचे, कडेकडेला पळायचे, निम्मे परत सडव्यात पडायचे. एका दिवाळीनंतर तू मला बरोबर घेऊन खामगावला गेलीस, बाबांना भेटायला म्हणून, आणि स्टेशनवरून आधी तांबटाच्या दुकानात. म्हातारा मुसलमान, दाढी मेंदीने लाल, कानात कापूस. तू त्याच्यापुढे नवं कोरं पातेलं पालथं घातलंस आणि बुडाच्या मध्यावर बोट ठेवलंस. इथे टोक काढून द्या म्हणालीस, गाईच्या सडाएवढं, आणि सगळं बूड त्याच्याकडे उतरतं करा. त्याने पातेल्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं.

“बाई, मंग हे जमिनीवर बसन कसं?”

“मले जमिनीवर ठेवाचंच नाई, चाचा.”

तो खूप वेळ हसला आणि मग दुपारभर ठोकत बसला. त्यानंतर तुझा एकही थेंब कडेला गेला नाही. हे तुला कोणी शिकवलं नव्हतं. आजोबांना नाही, त्यांच्या बापाला नाही, कोणाला सुचलं नव्हतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला ते सुचलं, भाकरी भाजता भाजता.

मी चौथीत होते तेव्हा दारूबंदी आली आणि भट्टीला सील लागलं. तू चार दिवस जेवली नाहीस. पाचव्या दिवशी तू तेच पातेलं एका लहान डेगीवर बसवलंस आणि ओव्याचा अर्क काढलास. अंगणात, सगळ्यांसमोर. पोटदुखीवर, तान्ह्या पोरांना, बाळंतिणीला, खामगावचा अत्तारी पेटीभर बाटल्या न्यायचा. त्यावर माझी शाळा झाली. पुढे दुकानं पुन्हा सुरू झाली, काकांनी सरकारी बाटल्यांचा परवाना काढला, पण भट्टी काही पेटली नाही. मी कॉलेजला निघाले त्या सकाळी तू माझ्या ट्रंकेत अर्काची बाटली ठेवलीस, बूच मेणाने बंद केलेलं. मला वाटलं आता तू रडशील. तू म्हणालीस, “कोणी इचारलं घरी काय करतात, तं किराणा सांगजो. माह्यं नाव कुठी काढू नोको.”

काढलं नाही, माय. फॉर्मावर किराणा लिहिलं. लग्न ठरताना किराणा सांगितलं, सासऱ्यांना, नवऱ्याला, नवरा गेला तोवर त्यालाही नीट माहीत नव्हतं. एकतीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं. दर वर्षी फळ्यावर ऊर्ध्वपातनाची आकृती काढायची, खाली जाळ, वर वाफ, बाजूला गार पाणी. मुलं म्हणायची, मॅडम, तुमची आकृती पुस्तकापेक्षा सोपी असते. त्या एकतीस वर्षांत एकदाही माझ्या तोंडून आलं नाही की ही आकृती मी पाच वर्षांची असताना घरच्या भट्टीवर पाहिली. का? तू सांगितलं होतंस म्हणून. चुकलीस तू. आईला असं लिहू नये, पण लिहिते. तुला वाटलं तू मला लाजेतून सोडवते आहेस. तू ती माझ्या ट्रंकेत बाटलीशेजारी घालून दिलीस.

तर काल. भाच्याने मला खोलीत नेलं. हंडा झगमगत होता. चुलीत लाकडं रचलेली, पन्हळ नवी कापलेली, आणि वर, सगळ्यात वर, कोणाच्या तरी लग्नातलं सपाट बुडाचं पातेलं. मी म्हटलं, याने तर अर्धी परत खाली पडेल. तो म्हणाला, दाखवायलाच आहे आत्याबाई, कुठं पेटवाची आहे. मग मी भिंतीवरचा तो छापील इतिहास वाचला. पणजोबांनी ठेका घेतला. आजोबांनी नाव कमावलं. काकांनी परंपरा राखली. काका, ज्यांना हंड्याखाली हात घालायची भीती वाटायची. पण भाच्याने एवढ्या मायेने सगळं मांडलं होतं की ओरडणं जिवावर आलं. मी फक्त विचारलं, टोकाचं पातेलं कुठे आहे?

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, ते लोळणारं होय? ते समोर आहे, फुटाण्याचं. मी पुढे आले. गल्ल्याशेजारी चिंध्यांच्या चुंबळीवर तुझं पातेलं बसवलं होतं आणि त्यात खारे फुटाणे भरलेले होते. जमिनीवर बसत नाही म्हणून चुंबळ. चाळीस वर्षं कोणी तरी रोज ती चुंबळ नीट करत होतं आणि पातेलं असं का, हे कोणीच विचारलं नव्हतं. मी फुटाणे कागदावर ओतले आणि पातेलं पालथं केलं. हिरवट पडलं होतं, पण टोक शाबूत. बाकावरचा एक म्हातारा, आतापर्यंत ग्लास घेऊन बसलेला, उठून जवळ आला. त्याने टोकाला बोट लावलं.

“हे तं कलालणीचं पातेलं हाये,” तो म्हणाला. “बुढा नुसता नावाले होता. माहा बाप सांगे, भट्टी तिच्या हातची. पाचव्या पाण्याची.”

मी भाच्याकडे पाहिलं. मी त्याला सांगितलं की भिंतीवर तुझं नाव लागलं पाहिजे. तो खरोखर अवघडला. छापून झालं आहे, असं म्हणाला आधी. मग खरं बोलला, आवाज खाली करून, “आत्याबाई, घरच्या बाईचं नाव दारूच्या दुकानात लावणं बरं दिसते का?”

एकतीस वर्षं वर्गात शुद्ध बोललेली मी, आणि तोंडातून आलं ते तुझंच. “तिनं काढलेली इकली तवा बरं दिसत होतं ना बे तुमाले?”

भाच्याचे कान लाल झाले. मला वाईट वाटलं, त्याने थोडीच विकली होती. मी त्याला म्हटलं, चल, ओवा आण आणि घरून कणीक मळून आण, दाखवते. त्याने आणला. आम्ही ते सपाट पातेलं उतरवलं, टोकाचं चढवलं, सांधे कणकेने लिंपले. हंड्यात ओवा आणि पाणी, खाली जाळ. तेवढ्यात डोंगराकडे निघालेली सहा-सात कॉलेजची मुलंमुली फोटो काढायला आली, तीही थांबली. मी बोलायला लागले ते माझं मलाच थांबवेना. वाफ का वर जाते, टोक का काढलं, खामगावचा चाचा काय म्हणाला, पहिली वाटी चुलीला का. माझी आई, म्हटलं. प्रत्येक वाक्यात म्हटलं. माझी आई जाळ असा ठेवायची, माझी आई थेंब तळहातावर घ्यायची. धार आली तेव्हा सगळी वाकून पाहत होती आणि खोलीत ओव्याचा असा वास भरला की डोळ्यांना पाणी आलं. ओव्यानेच आलं असेल. एका मुलीने विचारलं, आजी, त्यांचं नाव काय होतं? मी सांगितलं. तुझं पाळण्यातलं नाव, सासरी कोणी कधी न घेतलेलं.

भाच्याने आपणहून खोक्यांवर लिहायचा जाड पेन आणून माझ्या हातात दिला. काकांच्या ओळीखाली थोडी पांढरी जागा होती. तिथे मी तुझं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, हिच्या हाताने ही भट्टी चालली, हे पातेलं हिने घडवून घेतलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, फळ्यावर लिहायची सवय गेली आता. भाचा म्हणाला, पुढच्या खेपेला नीट छापून घेतो. मी म्हटलं, राहू दे असंच. आता तू रागावायचं तेवढं रागाव. नाव कुठी काढू नोको म्हणाली होतीस, काढलं. भिंतीवर, दारूच्या दुकानात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. पुसायला तू येऊ शकत नाहीस आणि दुसऱ्या कोणाला मी पुसू देणार नाही.

इथेच संपवलं असतं तर चांगलं दिसलं असतं. पण तुझ्यापाशी खोटं कधी टिकलं नाही. परतीच्या वाटेवर खामगावच्या स्टँडवर चिखलीची गाडी लागायची होती. एक माणूस पाया पडला. माझा जुना विद्यार्थी, आता स्वतःच शिक्षक आहे, कानशिलं पिकली आहेत. शेजारी बसला, तब्येत विचारली, मग म्हणाला, मॅडम, कसला तरी छान वास येतोय. माझ्या पिशवीत अर्काची बाटली होती आणि तळहातांना दिवसभराचा ओवा. मी म्हटलं, पोट बरं नव्हतं, ओवा चोळला. इकडे कुठे गेला होतात, असं त्याने विचारलं. साधंच विचारलं, काही मनात नव्हतं त्याच्या. आणि ज्या तोंडाने सकाळी सगळ्या दुकानाला ऐकवलं, त्याच तोंडाने मी त्याला सांगितलं, देवीच्या दर्शनाला.

तो म्हणाला, वा, दर्शन छान झालं का? मी हो म्हटलं.

हे कागद मी घडी करून अर्काच्या बाटलीखाली ठेवते आहे, ते तिथेच राहतील. त्या विद्यार्थ्याचा नंबर माझ्याकडे आहे. सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला, माय, आणि तीनदा खाली ठेवला.